भूतावळीचा चौदावा नियम

अन्याय दिसला की मला गप्प बसवत नाही. रिक्षाच्या रांगेत कोणी मध्ये घुसला तर मी बोलते. भाजीवाल्याने सडका टोमॅटो पिशवीत सरकवला तर तो काढून त्याच्याच हातात देते. भांड्यांच्या ज्या कारखान्यात मी माल पाठवायचं काम बघते तिथे मालकापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे मला थोडे बिचकून असतात. नवरा म्हणतो, इतरांच्या नाकावर राग भाड्याने राहतो, तुझ्या नाकावर मालकी हक्काने. म्हणू दे. मला त्याचा अभिमानच होता.

पण मी आयुष्यात सगळ्यात जास्त चिडले ती कुठल्या माणसावर नाही. प्लॅस्टिकच्या सांगाड्यांवर. बोटाच्या पेराएवढे काळे सांगाडे, हातात तलवारी, तोंडं वासलेली. चाळिशीतल्या, नोकरी करणाऱ्या बाईने खेळातल्या सांगाड्यांवर एवढं चिडावं हे हसण्यासारखं आहे हे मलाही कळतं. हसा. पण त्या रागाच्या भरात मी एक वाक्य बोलून गेले, आणि एका अंगणात माझ्याबरोबर वाढलेला माझा चुलतभाऊ आमच्या घरी यायचा बंद झाला. म्हणून पुढचं जरा न हसता ऐका.

खेळ पटावरचा आहे, मोबाइलवरचा नव्हे. इंद्रलोक नावाच्या आमच्या वस्तीत, आमच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती गृहस्थ राहतात, जवळच्या केबिन रोडला त्यांचं ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. सगळे त्यांना शेठ म्हणतात, आम्हीही. त्यांचा पुतण्या परदेशातून सुट्टीला आला तेव्हा हा एवढा मोठा खोका घेऊन आला आणि परत जाताना इथेच टाकून गेला. आत दुमडलेला नकाशा, चार रंगांच्या फौजा, फासे, पत्ते आणि जाडजूड इंग्रजी नियमपुस्तक. शेठ खोका घेऊन खाली आले आणि म्हणाले, "भाभी, आप लोग पढ़े-लिखे हो, देखो इसमें क्या है." त्या दिवसापासून आमचा रविवार त्या खोक्याचा झाला. दुपारची जेवणं उरकली की शेठ दुकान भावावर सोडून खाली येत. माझा नवरा मूळ रत्नागिरीकडचा, एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला, तो पट मांडायचा. चौथा माझा चुलतभाऊ. तो चौकहून येई. चौक म्हणजे चार रस्त्यांचा नव्हे, उत्तनजवळचं आमचं कोळ्यांचं गाव. तो बोटीवर खलाशी आहे. आठ-दहा दिवस दर्यावर, मग चार दिवस घरी. त्या चार दिवसांत रविवार आला की हातात मासळीची पिशवी आणि कपाळावर घाम घेऊन हजर.

नियमपुस्तक मी वाचलं. डिक्शनरी शेजारी घेऊन, महिनाभर. एकेक नियम मराठीत करून वहीत उतरवला, कारण भावाला इंग्रजी येत नाही आणि शेठना वाचायचा कंटाळा. फौजांची इंग्रजी नावं लांबलचक होती, ती कोणाच्याच तोंडात बसेनात. मग आम्ही आपली नावं ठेवली. डोंगरात खाणी खणून सैनिक मिळवणारे ते बुटके, ते मी घेतले. किल्ले जिंकत उडत जाणारे पंखवाले शेठनी घेतले. जंगल वाढवत बसणारे झाडवाले नवऱ्याने, त्याला घाई कधीच नसते. उरले सांगाडे. तरी भावाला ते उरलेले वाटले नाहीत. "भूतावल माजी," म्हणाला आणि सगळे काळे सांगाडे एका ओंजळीत गोळा केले. तेव्हापासून भूतावळ त्याची ती त्याचीच.

एक मोहीम संपायला तीन-चार महिने लागतात. तेवढा वेळ पट मोडता येत नाही, म्हणून तो आम्ही प्लायवूडच्या एका फळीवर मांडतो आणि रविवारचं खेळून झालं की फळी तशीच पलंगाखाली सरकवतो. केर काढताना झाडू लागून कुणाचा किल्ला पडला तर मी तो आठवून जागेवर ठेवते. ह्या बाबतीत तरी माझ्यावर कोणी संशय घेऊ नये.

आता अन्यायाकडे येते. भूतावळ जिंकायची. दर मोहिमेला भूतावळच. कारण वहीतला चौदावा नियम. भूतावळीचा खेळाडू हजर नसेल तर त्याच्या मुलखावर कोणी चाल करायची नाही, आणि तो नसेल त्या प्रत्येक रविवारी त्याच्या मुलखात दोन नवे सांगाडे मांडायचे. बस. नियम एवढाच. पण त्याचा परिणाम बघा. भाऊ दर्यावर गेला की आम्ही तिघं एकमेकांची डोकी फोडत बसायचो. मी खाण खणायची, शेठनी येऊन ती लुटायची, शेठ लुटत असताना नवऱ्याचं जंगल हळूच त्यांच्या किल्ल्यापर्यंत यायचं. आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात, दलदलीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात, सांगाडे वाढत राहायचे. दोन. चार. सहा. आठ. मग भाऊ यायचा. उन्हाने रापलेला, ताजातवाना, मासळीची पिशवी ओट्यावर ठेवून पटाशी बसायचा आणि हसून विचारायचा, "झाली भांडना?" आणि तासाभरात आमचं होतं नव्हतं ते सगळं काळं व्हायचं.

मला सांगा, हा कुठला न्याय? बाकीच्या तिन्ही फौजांना एकेक सैनिक घाम गाळून मिळवावा लागतो आणि एकीला बसल्या जागी, किंबहुना न बसल्या जागी. दिवाळीत शेठ दुकानात अडकले, दोन रविवार आले नाहीत, त्यांना कोणी पंखवाले वाढून ठेवले? उलट मीच त्यांचे दोन किल्ले घेतले. मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या खाणींवर नवऱ्याने झाडं लावली. आजारी बायकोच्या खाणींवर! आणि भूतावळीला मात्र ओरखडा नाही. मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. भुतं कोणी बघत नसताना वाढतात, खेळ बनवणाऱ्याच्या डोक्यात असं काही असेल. असू दे की. पण मग त्याची काही किंमत त्यांनी दुसरीकडे मोजायला हवी होती. चार फौजा खोक्यात घालून विकायच्या आणि एकीच्या पारड्यात आख्खा डोंगर ठेवायचा, ही काय पद्धत झाली?

नवरा म्हणायचा, जाऊ दे, खेळ आहे. शेठ म्हणायचे, "भाभी, मछली तो खिलाता है ना, जीतने दो." शेठ शाकाहारी, त्यांना मासळीचं काय. मला मात्र हरण्याचं दुःख नव्हतं, अन्यायाचं होतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं सांगायचं तर हरण्याचंही होतं.

शेवटी मी खेळ बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. पत्र म्हणजे ईमेल, पण त्यात मी पत्रासारखा जीव ओतला. माझं इंग्रजी कारखान्याच्या कागदपत्रांपुरतं. तरी दुपारच्या सुट्टीत भांड्यांच्या खोक्यांवर बसून मोबाइलवर तीन दिवस लिहिलं. लिहिलं की तुमच्या ह्या नियमाने एका चांगल्या खेळाची माती झाली आहे, तुम्ही स्वतः कधी बुटके घेऊन खेळून पाहिलंत का, आणि ह्याची दुरुस्ती पुढच्या छपाईत व्हायलाच हवी. उत्तर आलं नाही. मग इंटरनेटवर ह्या खेळाचे लोक जिथे गप्पा मारतात तिथे जाऊन विचारलं, भूतावळीचं तुम्ही काय करता? जगभरातून उत्तरं आली. सगळ्यांचा सूर एकच, की भूतावळ तर सगळ्यात दुबळी, ती नवशिक्याने घेऊच नये. एकाने हसणारे चेहरे टाकले. एकाने विचारलं, तुम्ही नक्की हाच खेळ खेळता ना? माझ्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर डिक्शनरी घेऊन बसले होते मी, आणि हे मला विचारणार हाच खेळ का!

त्याच रविवारी भाऊ बोटीवरून आला. मधल्या फेरीत घरी असताना रविवार आलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या मागे तीन रविवार जमले होते, म्हणजे सहा सांगाडे. माझ्या दोन खाणी कशाबशा उभ्या राहिल्या होत्या. तो बसला, फासे टाकले आणि पहिल्याच चालीत मोठी खाण घेतली. पिशवीत त्याने माझ्यासाठी बोंबील आणले होते. मला बोंबील आवडतात हे त्याला लहानपणापासून माहीत. बोंबील ओट्यावर आणि माझी खाण त्याच्या घशात.

मी फळीवरचा हात उचलला आणि म्हटलं, "थांबा. हा चौदावा नियम आजपासून बंद."

नवरा म्हणाला, "अगं, मोहीम चालू आहे."

"असू दे. मधेच बंद. मत घ्या हवं तर."

शेठ माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "मेरेको चलेगा, भाभी." त्यांचे किल्ले तर कधीच गेले होते. नवऱ्याने खांदे उडवले. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला काही समजलं नव्हतं असं वाटलं.

"माजा काय चुकला, बाय?" तो म्हणाला. "वहीन लिवलाय तसा खेलतंय मी."

"तुझं नाही चुकलं, नियम चुकलाय," मी म्हटलं. इथवर ठीक होतं. इथे थांबले असते तर. पण माझ्या नाकावर राग मालकी हक्काने राहतो. मी म्हटलं, "जो पटावर नाही त्याचा वाटा काढायचाच कशाला?"

तो पटावर वाकला. ओंजळीत एकेक करून सांगाडे गोळा केले. नेमके सहा, दर्यावर असताना जमलेले, बाकीचे तसेच ठेवले. खोक्यातल्या पिशवीत टाकले आणि माझी खाण मला परत दिली. "बराबर हाय," म्हणाला. मग तासभर खेळला, माझ्याकडून सरळ हरला, चहा न घेता गेला. मी जिंकले होते. किती दिवसांनी बुटके जिंकले होते! मी शेठना पेढा दिला. तो पेढा आठवला की आजही माझे कान गरम होतात.

पुढच्या रविवारी तो आला नाही. दर्यावर असेल. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी फोन केला तर म्हणाला, "बोटीवर हाय गो. मंग येतंय." मागे कोंबड्याची बांग ऐकू येत होती. बोटीवर कोंबडा कुठला? काकूला फोन केला तर ती सहज म्हणाली, बोट चार दिवसांपासून किनाऱ्याला हाय, तो घरीच हाय, जाली तुनतो. मला राग आला. हरला म्हणून एवढं? मी किती मोहिमा हरले, मी कधी यायची थांबले? (मी घरातच राहते, हा मुद्दा नवऱ्याने काढला. त्यालाही मी बोलले.) नवी मोहीम तीन जणांत मांडली, त्याची दलदल तेवढी मोडली नाही. झाडवाले, पंखवाले, बुटके. बरोबरीचा खेळ, कोणावर अन्याय नाही. आणि इतका बेचव की शेठ मध्येच जांभई देऊन म्हणाले, "आज जल्दी जाता हूँ." मासळीची पिशवी नाही, "झाली भांडना?" नाही. महिना गेला, दुसरा गेला. दलदलीच्या कोपऱ्यात त्याचे उरलेले सांगाडे तसेच उभे होते. ते पडू नयेत म्हणून मी केर काढताना हात आखडता घ्यायचे.

अशात खेळ बनवणाऱ्यांचं उत्तर आलं. अगदी सभ्य. तुमची कळकळ पोचली, पण तुम्ही म्हणता तो नियम आम्हाला आमच्या पुस्तकात सापडला नाही, कृपया त्या पानाचा फोटो पाठवाल का? म्हणजे आता हे अंगच झटकणार! मी म्हटलं, थांबा, पाठवते फोटो. खोक्यातून नियमपुस्तक काढलं. भूतावळीची चार पानं. चारदा वाचली. मग सगळं पुस्तक वाचलं, पहिल्यापासून. नवीन सांगाडे मिळवायला लढाईत मेलेली माणसं लागतात, हे होतं. गैरहजर खेळाडूची फौज जागेवर उभी राहते आणि तिच्यावर कोणीही चाल करू शकतो, हेही होतं. चौदावा नियम कुठेच नव्हता.

मी नवऱ्याला हाक मारली. वही उघडली. नवी वही. जुनी वही एका पावसाळ्यात भिंत झिरपली तेव्हा भिजली होती, म्हणून नवऱ्याने सगळे नियम नव्या वहीत उतरवून घेतले होते. त्याचं अक्षर प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरच्या लेबलांसारखं, प्रत्येक ओळ सारखी. बारावा, तेरावा, चौदावा, सगळे एका मापाचे.

"जुनी वही कुठे आहे?"

"माळ्यावर असेल. टाकली नाही मी."

स्टुलावर चढून तो माळ्यावरून वही घेऊन आला. पानं एकमेकांना चिकटलेली, कडांना बुरशी. भूतावळीचं पान मी नखाने सोडवलं. वरचे तेरा नियम काळ्या पेनने, सावकाश, डिक्शनरीच्या शिस्तीत लिहिलेले. आणि त्याखाली, जागा उरली नव्हती तिथे समासात, निळ्या पेनने, माझ्याच अक्षरात पण घाईत, वाकडं. भूतावळीचा खेळाडू हजर नसेल तर त्याच्या मुलखावर कोणी जायचं नाही. दर रविवारी त्याचे दोन मांडायचे. येईपर्यंत.

'येईपर्यंत' हा शब्द नव्या वहीत नव्हता. नवऱ्याला तो जास्तीचा वाटला असणार.

आणि मग मला सगळं आठवलं, एकदम नाही, पेनच्या रंगावरून मागे मागे जात. खेळ नवा होता त्या वर्षी भावाची बोट गेली आणि ठरल्या दिवशी आली नाही. इंजिन बंद पडलं होतं, पण ते नंतर कळलं. तेव्हा काहीच कळत नव्हतं. वायरलेस लागेना. बाकीच्या बोटी येत होत्या आणि त्यांच्यातल्या कोणी ह्यांना पाहिलं नव्हतं. अकरा दिवस. काकू अंगणात बसून होती. त्या अकरा दिवसांत दोन रविवार आले. पहिल्या रविवारी शेठ नेहमीच्या वेळेला खाली आले, खेळायला नाही, आमच्याजवळ बसायला. पट मांडलेलाच होता. कोणी फासे उचलेना. दलदलीत त्याचे पाच-सहा सांगाडे उभे होते.

आमच्याकडे कोणी दर्यावर असेल तर घरात जे काही होईल, सणाचं गोडधोड असो की साधी तळलेली मासळी, त्यातला त्याचा वाटा आधी निघतो. त्याच्या नावाने ताटली बाजूला ठेवतात. पुढे ती शेजाऱ्याला गेली तरी चालते, मांजराने खाल्ली तरी चालते, पण निघते आधी त्याची. मी तशीच वाढले. त्या सकाळी काकूकडे गेले होते तेव्हा ती चुलीपाशी त्याची ताटली काढत होती आणि शेजारच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. ताटली काढायचं घरं एकाच कारणाने थांबवतात. आमच्या गावात ते कोणाला सांगावं लागत नाही.

म्हणून त्या रविवारी मी पिशवीत हात घातला आणि त्याचे दोन सांगाडे दलदलीत मांडले. कोणी विचारलं नाही का म्हणून. शेठनी आपले पंखवाले त्याच्या सीमेवरून उचलून मागे घेतले. नवरा म्हणाला, "लिहून ठेव, नाहीतर आल्यावर म्हणेल हे कुठून आले." आल्यावर म्हणेल. हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी समासात लिहिलं. पुढच्या रविवारी आणखी दोन मांडले. मग एका गुजरातकडच्या बोटीने त्यांना ओढून आणलं. तो आला, काळवंडलेला, ओठ फाटलेले, आणि पुढल्या फेरीला जेव्हा पुन्हा दर्यावर गेला तेव्हा सांगाडे न मांडण्याची माझी छाती झाली नाही. त्याच्या पुढल्या फेरीलाही नाही. मग सवय झाली. मग वही भिजली. मग तो नियम झाला, इतर नियमांसारखा, आणि मी त्याच्यावर चिडायला मोकळी झाले.

परदेशातल्या माणसांना मी तीन दिवस खपून शिव्या घातल्या, त्या माझ्याच अक्षराला होत्या. नवऱ्यावर ओरडले, की बाटल्यांवर लेबलं लावणाऱ्या माणसाने ह्या एका ओळीवर लेबल लावलं असतं तर काय बिघडलं असतं. तो बिचारा वही मांडीवर घेऊन "मीही विसरलो गं" एवढंच म्हणत राहिला. पण त्याच्यावर ओरडून माझं समाधान होईना, कारण ते वाक्य त्याने नव्हतं म्हटलं. जो पटावर नाही त्याचा वाटा काढायचाच कशाला. कोळ्याच्या पोरीने, कोळ्याच्या तोंडावर.

मी त्याच दिवशी निघाले. रेल्वेच्या पुलावरून पश्चिमेला, तिथून उत्तनकडे जाणारी बस. ती जुनी वही पिशवीत. भाऊ घरासमोरच जाळ्याचा ढीग पुढ्यात घेऊन बसला होता. मला बघून हसला, पण उठला नाही.

मी वही त्याच्यापुढे टाकली. "हे बघ. हा नियम खेळातला नाहीच. हा मी लिहिलाय. मी विसरले."

त्याने वहीकडे बघितलंही नाही. "मना ठावं हाय," म्हणाला. "दाजींनी तवाच सांगितलेला. मी परत आलो तवा."

"तुला माहीत होतं?"

"तर. म्हनून तर भूतावल सोडली न्हाय कदी." त्याने हातातली सुई जाळ्यात खोवली. "त्या बोटीन पानी संपलेला ना, तवा मना वाटायचा, आता घरान आपला नाव कोन काडत नसंल. आनि तुमी हिकडं माजे सांगाडे मांडत होता."

"मग त्या दिवशी तोंड शिवलं होतं तुझं?" मी ओरडले. गल्लीतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. "सांगायचं नाहीस? बाय, हा आपला नियम आहे, एवढं बोलायला काय झालं होतं?"

"मना वाटला तुमी जानून बोलता. मना वाटला, आता पुरे, असा तुमचा झाला." त्याने सुई ओढून गाठ मारली. "आनि काय बोलू? माजा वाटा काडा, असा मीच बोलू?"

 दोन महिने हा माणूस असं समजून जाळी तुणत होता की आम्ही तिघांनी मत घेऊन त्याचा वाटा बंद केला. काकू चहा घेऊन बाहेर आली. तिने सगळं दारामागून ऐकलं असणार. "एवरी शिकली तू," मला म्हणाली, "वही तरी उगरून बघाची व्हती." मग आत गेली आणि माझ्यासाठी बोंबील तळायला घेतले. मी जाळ्याशेजारी जमिनीवर बसले. माफी मागितली की नाही आठवत नाही. बहुतेक ओरडतच मागितली. तो म्हणाला, "राहू दे गो," आणि जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. लहानपणी तुणलेलं, हात विसरले नव्हते.

खेळ बनवणाऱ्यांना मी दुसरं पत्र लिहिलं. माफीचं पत्र लिहिणं हा माझा प्रांत नाही, चारच ओळी झाल्या. लिहिलं की नियम तुमचा नव्हता, आमच्या घरचा होता, भूतावळीला हात लावू नका. नव्या वहीत चौदाव्या नियमापुढे मी निळ्या पेनने 'येईपर्यंत' लिहिलं आणि नवऱ्याला बजावलं की वही पुन्हा भिजली तर हा शब्द आधी उतरवायचा.

ह्या रविवारी त्याची बोट बाहेर आहे. शेठ खाली आले, फळी पलंगाखालून निघाली. त्याने परत केलेले सहा सांगाडे मी आधीच जागेवर ठेवले होते. आज पिशवीतून आणखी दोन काढले. कोपऱ्यातली दलदल एवढी भरली की नव्यांना उभं करायला जुने सरकवावे लागले. माझी एकुलती खाण त्याच्या अगदी सीमेवर आहे, आणि ती वाचणार नाही हे कोणालाही दिसत होतं. अन्याय तो अन्यायच, मी अजूनही म्हणते.

शेठनी पटाकडे बघून मान हलवली. "भाभी, ये तो फिर जीतेगा."

"जिंकू दे," मी म्हटलं. "आधी येऊ दे."